अकरा सह्या

आमच्या मस्तगडच्या घरातली वरची खोली मी रेणुका पांढरेला देणार नव्हतो. पोलीस भाडेकरू नको, हा माझा जुना हट्ट. एकतीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक होतो. पोलिसांना मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जितकं ऐकलं, तितकं त्यांच्या घरच्यांनीही ऐकलं नसेल. "होय, ही सही माझी आहे. होय, त्यातला मजकूर बरोबर आहे." ही दोन वाक्यं माझ्या बोटांना इतकी पाठ झाली होती की साक्षीदाराने तोंड उघडायच्या आधीच ती कागदावर उतरत. चेहरे मी कधी पाहिले नाहीत. मान वर केली की ओळ चुकते.

ती आली ती एकटीच. एक लोखंडी पेटी, एक शेगडी, गादीची वळकटी. दारात उभी राहून माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, म्हातारा एकटा राहतो म्हणून बिचकली असेल. मग म्हणाली की मला पाणी कमी लागतं आणि माझ्याकडे कोणी येत नाही. पहिली गोष्ट जालन्यात प्रत्येक भाडेकरू सांगतो आणि ती कधीच खरी नसते. दुसरी मात्र खरी निघाली. दोन वर्षांत तिच्याकडे कोणीही आलं नाही.

वय अडतीस-एकोणचाळीस असेल. बदली होऊन जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात आली होती. तिथे फोन घ्यायचे. कुठे भांडण झालं, कुठे ट्रक उलटला, ते ऐकून पुढे कळवायचं. म्हणजे दिवसभर सगळ्या जिल्ह्याशी बोलायचं आणि शेजारच्या खुर्चीशी मात्र नाही, कारण शेजारची खुर्ची तिच्यापासून हात-दोन हात सरकवलेली असे. डबा ती एकटी खायची. पुढे पुढे तो न खाताच परत आणायला लागली आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून संध्याकाळी संपवायची. मी खालच्या ओसरीत, ती पायरीवर. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात माणसं दोन आणि मधे जिना, अशी आमची सोबत होती.

रविवारी तिच्या मुलीचा, तृप्तीचा फोन यायचा. मुलगी हसनाबादला आजीकडे शिकत होती. रेणुका तिला खूप प्रश्न विचारायची आणि पलीकडून फार थोडं यायचं. नवरा परमेश्वर पोलीस खात्यातच चालक. तो फोनवर येत नसे. एकदा मी खवचटपणे विचारलं, "हवालदारीणबाई, मालकांची गाडी कधी लागत नाही आपल्या दाराशी?" ती हसली आणि डब्याचं झाकण लावून वर गेली. मला माझा राग आला, पण तो नेहमी उशिरा येतो.

गल्लीने मला आधीच सांगून ठेवलं होतं. हीच ती, आपल्याच ठाण्यावर उलटलेली. मी काही दिवस थांबलो आणि मग सरळ तिलाच विचारलं. तिने सांगितलं ते एका दमात नाही. श्रावणभर रोज थोडं थोडं सांगत राहिली. मी कोर्टातला होतो, त्यामुळे तिला पंचनामा म्हणजे काय ते समजावत बसावं लागलं नाही.

त्या ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. तुमच्या जवळच्या ठाण्याचं घाला, चालून जाईल. तिथे महिला हवालदार एकच, रेणुका. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची असा कायदा, आणि ही एकटी बाई कधी बंदोबस्तावर, कधी कोर्टात, कधी रजेवर. मग एक सोय निघाली. कागदावर 'महिला पोलीस हवालदार रेणुका पांढरे यांनी अंगझडती घेतली' असं लिहायचं, सहीपुरती जागा सोडायची आणि ती आली की चहा सांगून कागद पुढे सरकवायचा. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. तिलाही नाही. उलट ताई सांभाळून घेतात, असं तिचं ठाण्यात नाव होतं. नऊ वर्षं ती असं सांभाळून घेत होती.

तालुक्याजवळच्या एका वाडीचं गायरान कुणाच्या तरी गोदामासाठी तारेच्या कुंपणात गेलं. मेंढ्या चारणारी घरं होती ती. पुरुष कळप घेऊन लांब गेलेले, म्हणून बायका तहसीलसमोर बसल्या. बसण्याआधी रीतसर अर्ज दिला, त्याची पोच घेतली. पाच जणी होत्या आणि त्यांत आसराबाई सगळ्यांत वयस्क, साठीच्या पुढची. घोषणा नाही, रस्ता अडवणं नाही. कडुनिंबाखाली बसायच्या, भाकरी खायच्या. आसराबाई टकळीवर लोकर कातत असे. रिकाम्या हाताने बसणं तिला जमत नव्हतं.

पाचव्या दिवशी दिवे लागून गेल्यावर गाडी आली. दुसऱ्या दिवशी कोणी मोठा पाहुणा त्या रस्त्याने जाणार होता आणि झाडाखालच्या पाच बायका त्याच्या नजरेला पडू नयेत, एवढंच कारण. आसराबाईने विचारलं, कशापायी नेताय? शिपाई म्हणाला, आधी गाडीत बस, मंग सांगतो. ते त्यांना कोणी शेवटपर्यंत सांगितलं नाही. दिवस मावळल्यावर बाईला अटक करता येत नाही, सोबत महिला पोलीस लागते, कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं. हे चारही नियम त्या ठाण्याच्या भिंतीवर मराठीत लावलेले होते. रेणुकानेच तो फलक खिळे ठोकून लावला होता.

ती त्या दिवशी रजेवर होती. तृप्तीचा खो-खोचा सामना होता म्हणून हसनाबादला गेली होती. रजा साहेबांनीच मंजूर केली होती. सकाळी कामावर आली तर चहा तयार आणि कागदही. लिहिण्याचं काम भारत नावाच्या हवालदाराकडे. मनाने चांगला माणूस, तिच्या मुलीच्या बारशाला पाळणा त्यानेच आणला होता. त्याने बोट ठेवलं, इथे करा ताई.

एरवी ती वाचत नसे. त्या दिवशी पाच कागद होते म्हणून चाळले. आसराबाईच्या कागदावर लिहिलं होतं की कमरेला खोचलेलं एक लोखंडी टोकदार हत्यार, लांबी नऊ इंच, मिळून आलं. आता यातली गोम मी सांगतो, कारण ती मला लगेच कळली. आपल्या संविधानाने माणसाला शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमायचा हक्क दिला आहे. शांतता तर त्या बायकांनी पाच दिवस सगळ्या गावाला दाखवली होती. मग राहिलं शस्त्र. ते सापडलं की अटक कागदावर तरी उभी राहते.

रेणुकाने ते हत्यार बघायला मागितलं. पाकिटावरच्या चिठ्ठीवरही तिचीच सही व्हायची होती, त्यामुळे ते अजून मोहोरबंद झालेलं नव्हतं. भारतने पाकीट टेबलावर पालथं केलं. छत्रीची घासून गुळगुळीत केलेली काडी, खाली लाकडाची चकती आणि चकतीवर अर्धवट गुंडाळलेला काळ्या लोकरीचा धागा. रेणुकाचा बाप इंद्रभान जन्मभर मेंढ्यांमागे चालला. अशी टकळी तिच्या घरात खुंटीला असायची आणि तिच्यावर धागा गुंडाळायचं काम तिच्याकडे होतं. तिने अंगठा आणि बोटाच्या चिमटीत काडी धरून फिरवली. ती फिरली. भारतला खरोखर माहीत नव्हतं की ते काय आहे. त्याच्याकडे किराण्याचं दुकान होतं पिढ्यान्‌पिढ्या, तो ते कुठे पाहणार?

तिने पेन खाली ठेवलं. भारतने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, नऊ वर्षं करून राह्यलो आपण हे. आजच काय झालं?"

याचं उत्तर तिने मला दिलं, ते एवढंच. "काका, मला काही मोठं सुचलं न्हाई. मला फक्त वाटलं, ही चीज मी ओळखते. आन् आपल्याच हाताने तिला हत्यार कसं म्हणू?"

साहेबांनी तिला बसवून समजावलं. रजा रद्द केल्याचा अर्ज दे, मागची तारीख टाक, बिलकुल त्रास होणार नाही. तिने अर्ज दिला, पण वेगळाच. सदर अटकेच्या वेळी मी हजर नव्हते, रजेवर होते, मी कोणाचीही झडती घेतलेली नाही. दोन प्रती केल्या आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. अर्जावर शिक्का मिळाल्यावर तो गिळून टाकता येत नाही, एवढं पोलिसात राहून तिला कळत होतं. त्या पाचही जणी तरीसुद्धा नऊ दिवस आत राहिल्या, मग जामिनावर सुटल्या. रेणुकाची बदली त्यांच्या जामिनाच्या आधी झाली.

खटला उभा राहायला वर्षाच्या वर गेलं. तोवर ती माझ्याकडे राहत होती. बचावाच्या वकिलाने तिला साक्षीला बोलावलं, तिने जे होतं ते सांगितलं आणि त्या बायका सुटल्या. टकळी परत देण्याचा हुकूमही झाला. कोर्टाच्या व्हरांड्यात आसराबाईने पाकीट फोडलं. लोकरीला कसर लागली होती. तिने सगळा धागा ओढून काढला, नुसती काडी पदराने पुसली आणि रेणुकाला जवळ बोलावलं. रेणुकाला वाटलं, काही चांगलं बोलेल. माणसाला वाटतंच.

आसराबाई म्हणाली, "तुझी सही न्हाई म्हनून सुटलो आमी, असं वकील सांगून राह्यला. मंग ज्यांच्या कागदावर तुझी सही हाय, त्या बाया कशा सुटल्या?"

"न्हाई सुटल्या, मावशी," रेणुका म्हणाली.

आसराबाईने काडी कमरेला खोचली आणि बाकीच्या चौघींना घेऊन एसटी गाठायला निघाली. रेणुका त्या व्हरांड्यात किती वेळ उभी होती ते तिला सांगता आलं नाही. शेवटी शिरस्तेदाराने कुणाची वाट बघताय, असं विचारलं, तेव्हा ती हलली.

त्यानंतर खात्याची चौकशी लागली. आरोप असा की वरिष्ठांचा आदेश मोडला आणि ठाण्याची बदनामी केली. चौकशीच्या सकाळी ती चहाचा कप घेऊन माझ्या ओसरीत बसली. मी तिला एक सल्ला दिला, तो इथे लिहायला मला लाज वाटते, तरी लिहितो. म्हटलं, याआधी अशा सह्या केल्या का, हे विचारतीलच. आठवत नाही म्हणायचं. कोर्टात या वाक्याने कोणाचं आजवर वाकडं झालेलं नाही. तिने कप विसळून पालथा घातला आणि ती गेली.

अपेक्षेप्रमाणे त्यांनी विचारलं. ती म्हणाली, केल्या, अकरा केल्या. आणि खिशातून अकरा नावांचा कागद काढून टेबलावर ठेवला. व्हरांड्यातून घरी आल्यापासून ती रोज आठवून आठवून तो लिहीत होती. चौकशी अधिकारी सभ्य होते. त्यांनी तिला पाणी दिलं आणि विचारलं की तुम्हाला शिस्त ठाऊक आहे, मग हे कोणासाठी करताय? ती म्हणाली, "सर, शपथ घेताना समोर साहेब लोक होते, पण नाव त्यांचं घेतलं न्हाई. संविधानाचं घेतलं होतं. नऊ वर्षं माझ्या ते ध्यानातच न्हाई राह्यलं."

हे ती मला सांगत होती तेव्हा मान खाली होती. त्यात मर्दुमकी गाजवल्याचा लवलेश नव्हता. हवालदाराची ती पुन्हा शिपाई झाली. दंडावरच्या फिती तिने स्वतः उसवल्या, माझ्याकडून कात्री मागून नेली. आता खोट्या साक्षीबद्दल तिच्यावरच खटला भरायचा की नाही, ते अजून ठरायचं आहे. परमेश्वर त्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा आमच्या दाराशी आला, पण आत आला नाही. आसराबाईचं समजू शकतो, म्हणाला, त्या अकरा जणींचं तुला कोणी विचारलं होतं का? तृप्ती आता त्याच्याकडेच राहील, हेही सांगून गेला. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रेणुका फोन मांडीवर घेऊन पायरीवर बसायची आणि जेवणाची वेळ टळली की वर जायची. मी खाली बसून हे बघत होतो.

मग तिने अकरा जणींच्या निकालांच्या नकला मागवल्या. काही प्रकरणं मिटली होती, काही बायका साक्षीपुराव्याअभावी सुटल्या होत्या, काहींचे खटले अजून रेंगाळत होते. शिक्षा एकीलाच झाली होती. कांताबाई. पाण्याच्या टँकरसाठी रिकामे हंडे घेऊन पंचायत समितीसमोर बसली होती. अंगझडतीत विळा सापडला, असं कागद सांगत होता. रेणुकाने तिच्या खटल्यात पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं होतं की होय, ही सही माझी आहे. तीन महिने शिक्षा झाली. अंगणवाडीत मदतनीस होती, ती नोकरी गेली. आता परतूरला बहिणीच्या घरी राहते, असा पत्ता लागला.

शनिवारी संध्याकाळी रेणुका माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, उद्या परतूरला जाते. कांताबाईला सांगून येते की मी नव्हते. तुम्ही चला ना सोबत."

मी म्हटलं, माझे गुडघे धरलेत.

गुडघे ठणठणीत होते. रविवारी ती स्टेशनवर गेली आणि मी पायी बडी सडकेपर्यंत जाऊन आलो, कारण घरात बसवेना. हंडे, विळा, अंगणवाडी हे शब्द ऐकले आणि बोटांना सगळं आठवलं. ते कोर्ट माझं होतं. आरोपीला शेवटी काय म्हणायचं आहे, असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा कांताबाई म्हणाली होती की ती पोलीस बाई तिथं नव्हतीच, मला गड्यांनीच धरलं, आणि विळा माझा नाही. मी ते जसंच्या तसं टाइप केलं. आठ दिवसांनी निकाल सांगताना साहेब म्हणाले की हा बचाव नंतर सुचलेला आहे. तेही मी जसंच्या तसं टाइप केलं. एकही चूक नव्हती. मला त्या काळी बिनचूक कामाबद्दल प्रशस्तिपत्रही मिळालं होतं, ते अजून भिंतीवर आहे.

रेणुका पाचच्या सुमारास परत आली. तिसऱ्या पायरीवर बसली, चपला काढल्या. मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, काय म्हणाली?

कांताबाईने तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कशी, झडतीच्या वेळी ती नव्हती आणि कोर्टात पाहिलं ते पाच मिनिटं. रेणुकाने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. आता वरच्या कोर्टात अपील करा, मी येऊन खरं सांगते, असंही म्हणाली. कांताबाई तांदूळ निवडत होती, तिने हात थांबवला नाही.

"मला म्हणाली, हे सांगायला तू जालन्याहून आलीस व्हय? तू नव्हतीस हे मला ठाऊकच हाय की. मी होते ना तिथं. कोर्टात बी सांगितलं होतं. तिथं एक माणूस मशीनवर समदं उतरून घेत होता, त्याला इचार."

ओसरीत उजेड होता अजून. समोरच्या भिंतीवरचं प्रशस्तिपत्र आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी म्हटलं, "तो माणूस मी होतो, रेणुका."

"ठाऊक हाय काका," ती म्हणाली. "निकालाच्या शेवटच्या पानावर लघुलेखक म्हणून तुमचं नाव हाय, रामप्रसाद डोईफोडे. आन् तसं तर खोली बघायला आले तेव्हाच ओळखलं होतं मी तुम्हाला. साक्ष देताना मी तुमच्याकडंच बघून राह्यले होते. तुम्ही मान वर केली न्हाई, तेव्हा लई बरं वाटलं होतं मला."

तिने तांब्यातलं पाणी संपवलं, चपला हातात घेतल्या.

"म्हणून तर चला म्हणत होते," असं म्हणून ती जिना चढून गेली.